नव्या शहराची न दिसणारी वेस

गेल्या पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी सकाळी साडेसहा वाजता आम्ही चौदा माणसे बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये जमलो होतो. त्यांत दोन निवृत्त बँक अधिकारी होते, वास्तुशास्त्र शिकणाऱ्या तीन मुली होत्या, खारघरहून आलेले एक तरुण जोडपे होते आणि बाकीची आमच्याच सोसायटीतली, रोज सकाळी फिरायला जाणारी मंडळी होती. वाटाड्या होता माझाच एक जुना विद्यार्थी. शाळेत तो तिसऱ्या बाकावर, खिडकीशी बसायचा. आता त्याने चाळिशी ओलांडली आहे. नोकरी सांभाळून महिन्यातून एखाद्या रविवारी तो लोकांना असे पायी फिरवतो आणि त्याचे पैसे घेत नाही. ‘सर, तुम्ही आलात तर बरं वाटेल,’ असे तो फोनवर म्हणाला तेव्हा मी होकार दिला, तो खरे तर विद्यार्थ्याचे कौतुक म्हणून. या शहरात माझी सदतीस वर्षे गेली. हा मला नवीन काय दाखवणार, असा शिक्षकी ताठाही मनात होताच.

निघताना त्याने लांबलचक प्रस्तावना केली नाही. एवढेच म्हणाला, ‘आज आपण दोन शहरं बघणार आहोत. मधे भिंत नाही. तरी आपण एकातून दुसऱ्यात कधी गेलो, ते तुमचं तुम्हाला कळेल.’

मला एकदम बर्लिन आठवले. काही वर्षांपूर्वी मुलीकडे जर्मनीला गेलो असताना अशाच एका पायी फेरीसाठी मी युरो मोजले होते. तिथली भिंत १३ ऑगस्ट १९६१ च्या रात्री उभी राहू लागली आणि ९ नोव्हेंबर १९८९ ला तिची दारे उघडली. आज भिंतीचे थोडेच तुकडे शिल्लक आहेत. पण शहराच्या मध्यभागात ती जिथून जात होती तिथे रस्त्यात दगडांची दुहेरी ओळ बसवलेली आहे. मोटारी तिच्यावरून जातात, मुले तिच्यावर तोल सांभाळत चालतात. आमची वाटाडी मुलगी त्या ओळीपाशी थांबली आणि म्हणाली होती की, ही ओळ आम्ही मुद्दाम ठेवली आहे. मी भारावून गेलो होतो. परत आल्यावर ज्येष्ठ नागरिक संघात त्यावर अर्धा तास बोललोही होतो. त्या वेळी माझ्या घरापासून चालत अर्ध्या तासाच्या अंतरावर असलेल्या दिवाळे गावात मी एकदाही पाऊल टाकलेले नव्हते. मासळी तिथून येते, एवढीच काय ती माहिती होती.

या लेखात मला सांगायचे आहे ते असे. नवी मुंबई हे दुभंगलेले शहर आहे. त्याच्या मधून जाणारी रेघ विटांची नाही, कागदाची आहे. ती १९७० साली ओढली गेली आणि आजही पुसलेली नाही. बर्लिनकरांनी आपली भिंत पाडली आणि तिची खूण ठेवली. आपण नेमके उलटे केले. खूण कुठेच ठेवली नाही आणि भिंत तशीच राहू दिली.

वाढणारी घरे

आर्टिस्ट व्हिलेज हे नाव अनेक वाचकांनी ऐकलेले असेल. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात ही वसाहत उभी केली. सुमारे साडेपाचशे कुटुंबांसाठीची ही रचना. सात घरे एका लहानशा अंगणाभोवती, अशी तीन अंगणे मिळून एकवीस घरे एका मोठ्या मोकळ्या जागेभोवती, आणि अशा गटांची मिळून सारी वस्ती. तिचे आराखडे जगभरच्या वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत छापले गेले आहेत. आमच्याबरोबरच्या तिन्ही मुली वह्या काढून भराभर रेखाटने करू लागल्या.

माझ्या विद्यार्थ्याने आम्हाला दोन घरांमधल्या बोळात उभे केले. ‘या घराची भिंत त्या घराला कुठंही चिकटलेली नाही,’ तो म्हणाला. ‘का, तर कुटुंब वाढलं की घर वाढवता यावं. मुलाचं लग्न झालं, वर खोली चढवली. चार पैसे हाती आले, पुढं ओटा काढला. साध्या गवंड्यालाही जमेल असं बांधकाम. माणसाची गरज वाढेल तसं घर वाढलं पाहिजे, हे कोरियांचं तत्त्व होतं. एवढं फक्त लक्षात ठेवा. दोन तासांनी मी पुन्हा विचारीन.’

आणि खरोखरच तिथली घरे वाढलेली आहेत. मूळची उतरत्या छपरांची बैठी घरे आता शोधावी लागतात. अनेकांनी ती पाडून मजले चढवले आहेत. वास्तुशास्त्रज्ञांना त्याचे वाईट वाटते. पण त्या घरांत राहणाऱ्यांना कोणी अतिक्रमणदार म्हणत नाही.

अंगणात उभे राहून पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. ही सगळी रचना म्हणजे आपल्याकडच्या खेड्याचीच आठवण आहे. अंगण, त्याभोवती आपली माणसे, मग गल्ली, मग मोठी मोकळी जागा. नव्या शहरात राहायला येणाऱ्या मध्यमवर्गाला खेड्यातला शेजार मिळावा म्हणून एका थोर वास्तुशिल्पीने बुद्धी पणाला लावली. आणि त्याच वेळी महामार्गाच्या पलीकडे खरीखुरी खेडी उभी होती, ज्यांच्या वाढीचा आराखडा कोणी काढलेला नव्हता.

नकाशावरची रेघ

इथे थोडा इतिहास सांगणे भाग आहे. १९६५ साली मुल्कराज आनंद यांच्या ‘मार्ग’ या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी एक कल्पना मांडली. मुंबई उत्तरेकडे लांबत चालली आहे. तिचा भार हलका करायचा तर खाडीपलीकडे नवे शहर वसवावे. कल्पना मोठी होती आणि मांडणारे प्रामाणिक होते. सरकारने ती उचलली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावे आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र नव्या शहरासाठी ठरले. पुढे १ जानेवारी १९९२ पासून त्यातल्या उत्तरेकडच्या भागासाठी नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली.

या ९५ गावांत आगरी, कोळी, कराडी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत होता. भातशेती, मिठागरे आणि खाडीची मासेमारी ही उपजीविकेची साधने. संपादन झाले ते शेतांचे आणि मिठागरांचे. राहती घरे जिथे होती ते गावठाण मात्र वगळले गेले. वरवर पाहता ही दयाच म्हणायची: तुमची घरे घेत नाही, फक्त शेते घेतो. परंतु त्या दयेतच पुढच्या सगळ्या भांडणाचे बीज होते. गावाभोवती नकाशावर एक रेघ ओढली गेली. रेघेच्या आत जुने गाव आणि बाहेर नवे शहर. १९७० साली ज्या घरात सहा माणसे होती, तिथे १९९० साली चौदा झाली. ती कुठे राहणार? मुलाने बापाच्या परसात खोली बांधली. परसू घराचाच भाग, अशी त्याची समजूत. पण रेघ घराच्या मागच्या भिंतीवरूनच गेलेली होती. खोली रेघेपलीकडे गेली आणि अनधिकृत ठरली.

अशा घरांना सरकारी भाषेत एक नाव आहे: ‘गरजेपोटी बांधलेली घरे’. हे शब्द मी वर्तमानपत्रांत शेकडो वेळा वाचले असतील. ते वाचून दरवेळी मी पान उलटले, हेही कबूल केले पाहिजे.

पायऱ्या उतरून

महामार्ग ओलांडून आम्ही किल्ले गावठाणाकडे निघालो. बेलापूरच्या किल्ल्याचे आता थोडे अवशेष उरले आहेत. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे आणि शेवटी १८१७ मध्ये इंग्रज, असे धनी या किल्ल्याने पाहिले. त्याच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गावठाणालगत महापालिकेच्या मुख्यालयाची भव्य, घुमटाची इमारत आहे. ‘नवी’ मुंबईचा कारभार ज्या जागेवरून चालतो तिच्या पत्त्यातच किल्ला आणि गावठाण आहे, याकडे इतक्या वर्षांत माझे लक्ष गेले नव्हते.

नावांचेच पाहा. नेरूळ, तुर्भे, सानपाडा, घणसोली, ऐरोली, कोपरखैरणे ही सगळी गावांची नावे. शहराने ती रेल्वे स्थानकांना दिली आणि स्वतःसाठी सेक्टरचे आकडे घेतले. एका स्थानकाच्या पाटीवर ‘सीवूड्स’ आणि ‘दारावे’ यांच्या मधे छोटीशी आडवी रेघ आहे. एका बाजूला इमारतींच्या संकुलाचे इंग्रजी नाव, दुसऱ्या बाजूला गावाचे. शहराची फाळणी इतक्या प्रामाणिकपणे दुसरीकडे कुठे लिहिलेली मला आढळली नाही.

आमच्या वाटाड्याने रेघ दाखवण्यासाठी काही विशेष केले नाही. त्याने आम्हाला फक्त चालवले. सेक्टरचा रस्ता सरळ होता, झाडे ओळीत होती, दिव्यांचे खांब समान अंतरावर होते. मग रस्ता वळला, अरुंद झाला. पायाखालचे रंगीत ठोकळे संपून काँक्रीटची गल्ली आली. एका ठिकाणी आम्ही चक्क तीन पायऱ्या उतरलो. ‘आमचं गाव आधी उंचावर होतं,’ तो सहज म्हणाला. ‘भरती लागू नये म्हणून जुन्या माणसांनी उंच जागा धरली होती. मग बाजूला भराव पडला, रस्ते वर आले आणि गाव खाली राहिलं. गाव हललं नाही सर, जमीन हलली.’

तिथे मी वळून पाहिले. मागे माझे शहर होते, डोक्याच्या उंचीवर.

दिवाळे गावाच्या धक्क्यावर पोचेपर्यंत ऊन चढले होते. होड्या लागलेल्या, जाळी वाळत घातलेली, टोपल्यांतून चिंबोऱ्या आणि बोय. दिवाळीत इथले कोळी बांधव आपल्या बहिरी देवाला समुद्रातून वाजतगाजत गावात आणतात. मुंबईच्या कुठल्याही प्रसिद्ध उत्सवाइतकी ही विलक्षण गोष्ट आहे. पण आमच्या चौदा जणांपैकी किती जणांना ती ठाऊक होती? दोघांना.

खाडीकडे हात करून त्याने खारजमिनीचे तंत्र समजावले. खाडीच्या कडेने मातीचा बांध घालायचा आणि त्यात उघाडी ठेवायची. उघाडी म्हणजे पाणी सोडण्याचे दार. भरतीच्या जोराने ते बंद होते आणि खारे पाणी आत येत नाही. ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी बाहेर जाते. दरवर्षी सगळ्या गावाने मिळून बांध दुरुस्त करायचा. या मेहनतीवर खारात भात पिकत होते. मग तो म्हणाला, ‘तुमच्या सेक्टरमध्ये धारण तलाव आहेत ना, तेही असंच चालतात. झडपेचं दार, भरतीला बंद, ओहोटीला उघडं.’ नवी मुंबईच्या या धारण तलावांविषयी मी वाचले होते. हॉलंडमधल्या पद्धतीवर ते बांधले, असे त्यात म्हटले होते आणि ते खरेही असेल. पण हॉलंडपर्यंत जाण्यापूर्वी कोणी दिवाळ्यापर्यंत चालत आले असते, तर तीच युक्ती सांगणारी माणसे इथे भेटली असती.

गोळीबार आणि साडेबारा टक्के

धक्क्यावरच त्याने १९८४ ची हकीगत सांगितली. जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले होते. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवशी उरण भागात पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण बळी पडले. दरवर्षी जानेवारीत त्यांच्या स्मरणार्थ लोक जमतात. या आंदोलनातून पुढे विकसित भूखंडाचे तत्त्व निघाले: संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत द्यायची. १९९४ च्या शासन निर्णयाने ती योजना जुन्या संपादनालाही लागू झाली. प्रत्यक्षात सार्वजनिक सोयींसाठी त्यातला भाग वजा होऊन पावणेनऊ टक्के हाती येतात, हा तपशील वेगळा. ज्या शेतकऱ्याला आधी नुसता रोख मोबदला देऊन बाजूला सारले होते, तो वाढत्या शहराच्या किमतीत भागीदार झाला, हे त्या लढ्याचे यश मानावेच लागेल.

दि. बां.चे २०१३ मध्ये निधन झाले. नव्या विमानतळाला त्यांचे नाव द्यावे म्हणून १० जून २०२१ रोजी हजारो लोक हातात हात घालून रस्त्याच्या कडेला उभे राहिले, तेव्हा आमच्या इमारतीत चर्चा होती ती वाहतूक किती खोळंबेल याची. त्याच विमानतळासाठी दहा गावे उठवली गेली, उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीचा प्रवाह वळवला गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे उद्‌घाटन झाले. सेक्टरमधल्या आम्हा लोकांना त्या दिवशी एवढेच वाटले की, आता सांताक्रूझपर्यंत जायला नको.

चहाला तो आम्हाला आपल्या घरी घेऊन गेला. म्हणजे आईच्या घरी. खाली दोन खोल्या, वर दोन, बाजूला धाकट्या भावाच्या दोन. वरच्या खोल्यांचा जिना बाहेरून होता. म्हातारीने मला ओळखले नाही. मुलाने सांगितल्यावर म्हणाली, ‘बसा मास्तर.’ मग विचारले, कुठे राहता? मी सोसायटीचे नाव सांगितले. तिला ते कळेना. मुलाने खुणा सांगितल्या: मोठी शाळा, त्याच्या पुढचा नाला, नाल्याच्या उजव्या हाताला. म्हातारीचा चेहरा उजळला. ‘आमचे शेतान हाय तुमची बिल्डिंग,’ ती म्हणाली. तिथे तिने लग्नानंतरची पाच वर्षे लावणी केली होती. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ओळखीच्या माणसाचा ठावठिकाणा लागावा तसा आनंद होता.

माझ्या घराचे सगळे कागद माझ्या कपाटात आहेत. करारनामा, वाटपपत्र, सोसायटीचा भाग दाखला. तिच्या घरातल्या खालच्या दोन खोल्या गावठाणात आहेत. बाकीचे घर रेघेपलीकडे आहे. त्याच्यासाठी एकदा नोटीस येऊन गेली होती. तेव्हा मुलाने आम्हाला सकाळचा प्रश्न पुन्हा विचारला. ‘तिकडं घर गरजेप्रमाणे वाढलं तर त्याला काय म्हणतात?’ वास्तुशास्त्राच्या तिन्ही मुली वहीकडे पाहत राहिल्या. आमच्यातले कोणीच बोलले नाही.

दुसरी बाजू

आता या सगळ्याला उत्तरे आहेत आणि ती मी स्वतः अनेक वर्षे देत आलो आहे. गावठाणातले सगळेच काही गरीब राहिलेले नाहीत. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर टॉवर उभे राहिले. ‘गरजेपोटी’च्या नावाखाली चार-चार मजल्यांच्या इमारती भाड्यासाठी बांधल्या गेल्या, त्यांना ना पुरेसा पाया ना आगीच्या बंबाला वाट. त्यात गावातल्याच पुढाऱ्यांचे आणि बाहेरच्या बिल्डरांचे हात ओले झाले. हे खरे आहे. माझ्या विद्यार्थ्यानेही ते नाकारले नाही. उलट त्यानेच एका बोळात आम्हाला थांबवून अशा दोन इमारती दाखवल्या. त्यांच्यामधून आकाशाची एक फीत तेवढी दिसत होती.

याहून अवघड गोष्ट अशी की, गावही आतून एकसंध नव्हते. योजना जमिनीच्या मालकीवर उभी होती. ज्याच्या नावावर सात-बारा, त्याला भूखंड. मिठागरांवर राबणारे मजूर, दुसऱ्याच्या शेतात खपणारे, डोंगराकडेचे कातकरी यांच्या पदरात त्या मानाने फार थोडे पडले. आणि कोळ्याची शेती तर पाण्यात. खाडी बुजली, पाणी घाण झाले, जिताडा दुर्मीळ झाला, त्याचा सात-बारा कोणत्या तलाठ्याकडे मागायचा? रेघेच्या आतही अशा रेघा आहेत.

पण या युक्तिवादांचा उपयोग आपण कशासाठी करतो, हे पाहिले पाहिजे. गावातल्या पाच-दहा टॉवरवाल्यांकडे बोट दाखवून उरलेल्या शेकडो कुटुंबांच्या वरच्या खोलीचा प्रश्न आपण निकाली काढतो. शिवाय भाड्याच्या त्या खोल्यांत राहते कोण? आपल्याकडे धुणीभांडी करणारी बाई, सोसायटीचा रखवालदार, दुकानातला पोऱ्या. नियोजित शहराने ज्यांच्यासाठी पुरेशी जागा योजलीच नाही, त्यांना अनियोजित गावठाणाने सामावून घेतले. गावठाण उद्या खरोखर नाहीसे झाले, तर परवा सकाळी सेक्टरमधल्या कित्येक घरांची बेल वाजणार नाही.

काय करता येईल

मी नगररचनाकार नाही. भाषा शिकवणारा एक निवृत्त मास्तर आहे. तरी तीन गोष्टी सुचवतो.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट कागदाची. गेल्या दोन-तीन दशकांत या घरांविषयी शासनाचे निर्णय अनेकदा निघाले, बदलले, पुन्हा निघाले. निवडणूक आली की आशा वाढते आणि संपली की फाइल मिटते. प्रत्येक गावठाणाची आजची खरी हद्द मोजा. राहते घर आणि धंद्याची इमारत यांत फरक करा. राहत्या घराला मालमत्तापत्रक द्या, धोक्याच्या इमारतीला न्यायाने जे लागू असेल ते लावा. हे झाले नाही तर गावठाणातली पायी फेरी म्हणजे दुसऱ्याच्या अडचणीचे प्रदर्शन पाहण्यासारखे होईल. होड्यांपाशी छायाचित्रे काढायची, मासळीचे जेवण जेवायचे आणि परत यायचे, एवढ्यासाठी कोणी कोणाच्या गल्लीत जाऊ नये.

दुसरी गोष्ट खुणेची. बर्लिनसारखी दगडांची ओळ आपल्याला परवडणारच नाही असे नाही. पण निदान पाट्या लावा. या सेक्टरच्या जागी कोणाचे खार होते, इथे कोणते मिठागर होते, उघाडी कुठे होती. शेतांना नावे होती. ती सांगणारी पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे. आणखी दहा वर्षांनी विचारायला कोणी उरणार नाही.

तिसरी गोष्ट चालण्याची. बेलफास्ट हे असेच भांडणाने दुभंगलेले शहर. तिथे काही फेऱ्यांत दोन्ही बाजूंचे वाटाडे असतात. एक जण आपल्या वस्तीतून लोकांना मधल्या भिंतीपर्यंत आणतो, आपली बाजू सांगतो आणि तिथून त्यांना दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. कोणीच दुसऱ्याची गोष्ट आपण सांगत नाही. नवी मुंबईतल्या प्रत्येक शाळेने आठवी-नववीच्या मुलांना वर्षातून एकदा असे चालवावे. गावठाणातल्या मुलांनी सेक्टरच्या मुलांना गाव दाखवावे आणि सेक्टरच्या मुलांनी आपले आईबाप कुठून, का आले ते सांगावे. कारण आमचीही एक गोष्ट आहे. गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे राहणाऱ्या घरातून मी इथे आलो. आम्हीही गरजेपोटीच आलो होतो.

निरोप घेताना माझा विद्यार्थी हेच म्हणाला. पुढच्या वेळी अर्धी फेरी मी करावी. महामार्गापर्यंतचे शहर मी दाखवावे आणि पुढचे तो दाखवील. ‘तुमच्या बाजूचं सांगणारं कोणीतरी पाहिजे सर.’ मी तयार झालो आहे. गेले पंधरा दिवस काय सांगायचे याची टिपणे काढतो आहे. सिडकोची सोडत, १९९२ साली वाशीपर्यंत आलेली पहिली लोकल, नंतर बेलापूरपर्यंत वाढलेली गाडी, पहिल्या पावसात साचलेले पाणी, असे बरेच आहे.

पण टिपणाच्या सुरुवातीला मी दुसरेच लिहून ठेवले आहे. वर्गात हा मुलगा ‘पानी’ म्हणायचा. मी दरवेळी त्याला उभे करून ‘पाणी’ म्हणायला लावायचो आणि वर्ग हसायचा. माझ्या दृष्टीने ते शिकवणे होते. वर्षाच्या अखेरीस तो ‘पाणी’ म्हणू लागला आणि वर्गात बोलेनासा झाला. त्या दिवशी त्याच्या आईने तांब्या पुढे करून विचारले, ‘पानी देऊ?’ तेव्हा तो माझ्याकडे पाहत होता, की मला तसे वाटले, कोण जाणे.

फेरी माझ्या बाजूने सुरू होणार आहे. तेव्हा पहिली रेघ मीच दाखवली पाहिजे. ती माझ्या वर्गातून गेलेली होती.